आणखी दोन तांबे

डोकं खाजायला लागलं की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: कोंडा झाला. मग उपाय सुरू. लिंबू चोळा, दही लावा, खोबरेलात कापूर घाला, कडुनिंबाचा पाला उकळा. आणि सगळ्यात शेवटी (आजकाल सगळ्यात आधी) कोंड्याची बाटली आणा. ती नाही लागू पडली तर दुसरी. आमच्या नात्यागोत्यातल्या निदान चार-पाच घरांत न्हाणीघराच्या खिडकीत अशा अर्धवट वापरलेल्या बाटल्यांची रांग मी पाहिली आहे. प्रत्येक बाटलीमागे एक आशा आणि एक निराशा!

या सगळ्यात एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. डोक्याला लावलेला शांपू पूर्ण निघतो का?

माझं मत सांगून टाकते. आपण ज्या खाजेला कोंड्याच्या खात्यावर टाकतो, त्यातली बरीचशी न निघालेल्या शांपूची असते. शांपू कोणता, हा प्रश्न नंतरचा. किती घेतला आणि कसा काढला, हे आधी बघायला हवं. विषय फुटकळ वाटेल. शांपूवर काय लिहायचं, असंही काहींना वाटेल. पण या फुटकळ विषयापायी आमच्या घरात एका बाईचे कमरेपर्यंतचे केस कापायची वेळ आली होती, म्हणून हे लिहितेय. ते पुढे येईलच.

आधी थोडं शांपूबद्दल. शब्द मूळचा आपल्याच बाजूचा आहे, हे अनेकांना माहीत असेल. हिंदीतलं 'चाँपना', म्हणजे दाबणं, चेपणं. पाटण्याला १७५९ साली जन्मलेले दीन महंमद इंग्लंडात ब्रायटनला गेले, तिथे त्यांनी स्नानगृह काढलं आणि साहेबलोकांना वाफेचं स्नान आणि मालिश द्यायला सुरुवात केली. या मालिशीलाच तिकडे शांपू म्हणत. १८२२ साली त्यांनी त्यावर पुस्तकसुद्धा लिहिलं. पुढे शब्दातली मालिश गेली आणि फेस तेवढा राहिला. माझ्या मते आपल्या न्हाण्याचंही नेमकं तेच झालंय. बोटं कमी, फेस जास्त.

हा फेस करणारे पदार्थ शांपूत साधारण १० टक्क्यांच्या आसपास असतात. सगळ्यांना ऐकून माहीत असलेलं नाव म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. पूर्वी ईमेलमधून आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवरून त्याच्यामुळे कॅन्सर होतो असं फिरत असतं. त्याला आधार नाही, तेव्हा घाबरू नका. पण ते त्वचेला चुरचुरवतं, हे मात्र खरं. इतकं खरं की एखाद्या मलमाने त्वचेचा दाह कमी होतो का हे तपासायचं असलं, तर संशोधक मुद्दाम हाच पदार्थ लावून आधी दाह निर्माण करतात!

मग तो शांपूत कसा चालतो? तर थोडाच वेळ लावायचा असतो म्हणून. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांतल्या घटकांची तपासणी करणारं एक तज्ज्ञांचं मंडळ आहे. त्यांनी १९८३ साली याबद्दल दिलेला निष्कर्ष साधारण असा: थोडा वेळ लावून नंतर व्यवस्थित धुऊन टाकायच्या वस्तूंत हा पदार्थ सुरक्षित आहे, त्वचेवर बराच वेळ राहणाऱ्या वस्तूंत मात्र तो १ टक्क्यापेक्षा जास्त नसावा.

'व्यवस्थित धुऊन टाकायच्या' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. म्हणजे शांपूच्या सुरक्षिततेची हमी बाटलीत नाहीच, ती नंतरच्या पाण्यात आहे.

दुसरं उदाहरण देते. शांपू नासू नये म्हणून त्यात जी द्रव्यं घालतात, त्यातल्या एकाचं नाव मिथाइलआयसोथायझोलिनोन. (एका दमात म्हणून दाखवा!) याची अ‍ॅलर्जी इतक्या जणांना व्हायला लागली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षातला अ‍ॅलर्जीकारक पदार्थ' ठरवलं. युरोपात २०१७ पासून क्रीम-लोशनसारख्या लावून ठेवायच्या वस्तूंत ते घालायला बंदी आली. धुऊन टाकायच्या वस्तूंत मात्र ०.००१५ टक्क्यापर्यंत परवानगी राहिली. पदार्थ तोच, पण कायदा लावून ठेवायच्या आणि धुऊन टाकायच्या वस्तूंचे दोन वेगळे कप्पे मानतो. आता घाईघाईत दीड तांब्यात डोकं उरकलं आणि शांपू केसांच्या मुळाशी राहिला, तर आपणच ती वस्तू एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात टाकली की नाही?

अर्थात प्रत्येक खाज शांपूची नसते, हेही सांगायला हवं. खरा कोंडा असतोच. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर एक सूक्ष्म बुरशी राहते, ती तेलकटपणावर जगते, आणि काहींच्या त्वचेला तिचा त्रास होतो. त्याची पापुद्रे बरेचदा तेलकट, पिवळसर असतात, आणि चार-सहा दिवस केस धुतले नाहीत की ते वाढतात. राहिलेल्या शांपूची तऱ्हा साधारण उलटी. केस धुतल्यावर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खाज वाढते. त्वचा ओढल्यासारखी वाटते. केस वाळले तरी मुळाशी चिकट लागतात, आणि कंगव्यात बारीक कोरडी पांढरी पूड येते. जागाही बघा: मानेवरची केसांची कड, कानांच्या मागे, कानशिलं. डोक्यापेक्षा या ठिकाणची त्वचा पातळ, आणि सगळं फेसाचं पाणी वाहत जातं तेही याच वाटेने. म्हणून डोकं ठीक आणि मान लाल, असंही होतं.

आता आपल्याकडे शांपू राहतो का? मला तीन कारणं दिसतात.

एक म्हणजे आपण गरजेपेक्षा जास्त घेतो. फेस जितका जास्त तितकी स्वच्छता जास्त, हा समज पक्का बसलाय. प्रत्यक्षात तेलकट केसांवर पहिल्यांदा फेस कमीच येतो, कारण फेस करणारा पदार्थ तेल धरण्यात गुंतलेला असतो. फेस आला नाही म्हणून आपण आणखी ओततो. त्यात पुडीची सवय. तमिळनाडूत चिन्नी कृष्णन यांनी शांपू पुडीत भरायची कल्पना काढली, पुढे त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली स्वतःचा धंदा सुरू करून 'चिक'च्या पुड्या गावोगावी नेल्या. त्यामुळे बाटली न परवडणाऱ्या घरांत शांपू पोचला, ही मोठीच गोष्ट. पण पुडी फाडली की संपवायची, हा हिशेबही तिच्याबरोबरच आला. बॉबकटलाही एक पुडी आणि गुडघ्यापर्यंतच्या वेणीलाही एक!

दुसरं कारण, पाणी घालायची पद्धत. शॉवर ज्यांच्याकडे आहे त्यांचं ठीक, पण बहुतेक घरांत अजून बादली आणि तांब्याच. (किंवा प्लॅस्टिकचा मग.) त्यात एक बादली म्हणजे १५-२० लिटर, त्यातच अंग, त्यातच डोकं. मान पुढे घालून वरून पाणी ओतलं की ते वरच्या केसांवरून घसरून खाली जातं. मागच्या बाजूला, मानेच्या खळग्यात, केसांच्या दाट थराखाली ते पोचतच नाही. टाळूवर स्वच्छ पाणी दिसलं की आपण म्हणतो, झालं.

तिसरं कारण म्हणून बोअरच्या पाण्याचं नाव घेतलं जातं. इथे थोडं थांबायला हवं. ज्या जड पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी मिळून एक चिकट साका बनवतो, तो केसांवर बसतो आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. अंगाच्या साबणाने डोकं धुणाऱ्यांचे केस चिपचिपे होतात ते यामुळे; शेवटच्या पाण्यात लिंबू पिळायची जुनी पद्धत त्यावर खरंच लागू पडते. शांपूतले पदार्थ मात्र जड पाण्यात तसा साका करत नाहीत. म्हणून शांपू न निघण्याचं सगळं खापर बोअरवर फोडणं मला पटत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या मानकात एकूण कठिणतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचं पाणी ६०० वालं असेल तर केस राठ वाटतील हे कबूल, पण म्हणून कमी पाण्यात उरकायला ते कारण होत नाही.

आता आत्याची गोष्ट सांगते.

माझी आत्या ७९ वर्षांची. मागच्या वर्षी पडली, उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण हात डोक्यापर्यंत जाईना. तिचे केस अजून कमरेपर्यंत आहेत, पांढरेशुभ्र, आणि आयुष्यभर तिने ते स्वतः धुतले, स्वतः विंचरले. आता दर रविवारी कामाला येणाऱ्या ताई तिला स्टुलावर बसवून न्हाऊ घालू लागल्या. दोन महिन्यांत तिला मागच्या बाजूला भयंकर खाज सुटली. रात्र-रात्र झोप नाही, मानेवर नखांचे ओरखडे. नातेवाइकांनी आपापले उपाय सुचवले. कोंड्याचा शांपू आला, मग तो आठवड्यातून दोनदा सुरू झाला, तसतशी खाज वाढली. कुणी म्हणालं वयाने होतं. आणि मग दिवाळीच्या आसपास घरात ठरलं की केस कापून टाकू. धुवायला सोपं, वाळायला सोपं, खाजही जाईल. सगळे तिच्या भल्याचंच बोलत होते. ती काही बोलली नाही. नुसती वेणी पुढे घेऊन बसून राहिली.

तेव्हा एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ म्हणून तिला नेलं. डॉक्टरांनी केसांचे थर वर करून पाहिलं. वर टाळूवर काही नव्हतं. मान आणि कानांच्या मागे तेवढं लाल. त्यांनी विचारलं, "आजी, केस कोण धुतं? बसून की उभ्याने? किती तांबे पाणी घालतात?" किती तांबे, हा प्रश्न कुठल्या डॉक्टरांनी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. आत्याने बोटं मोजली आणि म्हणाली, "चार. कधी पाच." कमरेपर्यंतच्या केसांना!

डॉक्टरांनी लाल जागेवर लावायला थोड्या दिवसांचं मलम दिलं, कोंड्याचा शांपू बंद केला, साधा शांपू अर्ध्या मापाने पाण्यात कालवून लावायला सांगितला, आणि मान मागे टाकून बोटांनी केस मोकळे करत मागून पाणी घालायला सांगितलं. तीन-चार आठवड्यांत खाज गेली. वेणी आहे.

पण मला खरं हललं ते घरी येताना रिक्षात. मी विचारलं, "आत्या, साबण राहतोय हे तुला कळत नव्हतं?" ती म्हणाली, "कळायचं गं. हाताला बुळबुळीत लागायचं. पण पाणी घालणाऱ्याला किती वेळा सांगायचं, आणखी घाल, आणखी घाल? तिला पुढची तीन घरं असतात."

ही भीड कुणाच्या लक्षात येत नाही. आपलं डोकं आपण धुतो तेव्हा हाताला बुळबुळ लागली की आपसूक आणखी एक तांब्या घेतो. दुसऱ्याच्या हातून न्हाणाऱ्याला ती सोय नाही. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं, लहान मुलं. मुलं निदान रडून ओरडून घेतात. फेस डोळ्यांत जातो म्हणून आपणही पटकन उरकतो. म्हातारी माणसं गप्प बसतात. आणि आपण त्यांच्या खाजेवर नवी बाटली आणतो.

यात त्या ताईंचाही दोष नाही. त्यांना घड्याळाशी बांधलंय ते आपणच. दोष द्यायचाच तर त्या जाहिरातींना देईन. डोक्यावर ढीगभर फेस, आणि पुढच्याच क्षणी वाळलेले केस हवेत उडतायत! मधलं पाणी कुठे गेलं? पुडीच्या पाठीवर 'भरपूर पाण्याने धुवा' लिहिलेलं असलं तरी ते अशा अक्षरांत की न्हाणीघरात चष्मा काढलेल्या माणसाला दिसायची सोय नाही. माझं तर म्हणणं आहे की वस्तू धुऊन टाकायची असेल तर ते पुडीवर मराठीत, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवं.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, "म्हणूनच आम्ही शिकेकाई वापरतो." जरूर वापरा. पण शिकेकाई-रिठ्याचा फेसही फेस करणाऱ्या रसायनांचाच, फक्त ती झाडाने बनवलेली. रिठा डोळ्यांत गेला की काय होतं ते विचारायला नको, आणि शिकेकाईची भुकटी केसांत राहिली की तीही खाजते. आपल्या आज्या शिकेकाई उकळून गाळून घ्यायच्या ते उगीच नव्हे. 'सल्फेट-फ्री' शांपूचंही तेच. त्यात बहुधा कोकामिडोप्रोपिल बीटेनसारखे सौम्य पदार्थ असतात, पण २००४ साली 'वर्षातला अ‍ॅलर्जीकारक' हा मान याच पदार्थाला मिळाला होता! सौम्य म्हणजे न धुता चालेल असं नव्हे.

दुसरा आक्षेप खरा आहे: पाणी कुठून आणायचं? जलजीवन मिशनमध्ये गावाकडे माणशी दिवसाला ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे. त्यात पिणं, स्वयंपाक, धुणं-भांडी सगळं आलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं होतं, हे आपण पाहिलंय. टँकरची वाट बघणाऱ्या बाईला 'भरपूर पाण्याने धुवा' सांगायला मला तोंड नाही. पण म्हणूनच सांगते, शांपू कमी करा. शांपू निम्मा केला तर तो काढायला पाणीही कमी लागतं. आणि आहे ते पाणी एकदम ओतू नका. धुणं आपण तीन पाण्यांतून काढतो, तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुतो. डोक्यालाच का एका दमात?

हिशेब करून बघा. लांब केस निथळल्यावर त्यात समजा २०० मिली पाणी राहतं. १ लिटर घातलं, बोटांनी नीट मिसळलं, निथळू दिलं, की शांपूचा सहावा हिस्सा उरतो. पुन्हा १ लिटर, की छत्तिसावा. तिसऱ्यांदा, दोनशे सोळावा. तेच ३ लिटर एकदम ओतलं तर उरतो सोळावा. कागदावरचा हिशेब आहे, केस काही इतके आज्ञाधारक नसतात. पण मुद्दा लक्षात यावा.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. शांपू तांब्यात थोड्या पाण्यात कालवून मग लावा. तो केसांच्या मुळांशी लावा, टोकं वाहत्या फेसाने धुतली जातातच. पाणी कढत नको, कोमट हवं. गरम पाण्यात चुरचुर वाढते. मान मागे टाका, बोटं मुळांपर्यंत जाऊ द्या, थोडं-थोडं पाणी घेऊन मध्ये केस निथळू द्या. शेवटी मानेवर आणि कानांमागे हात फिरवून बघा, बुळबुळ लागली तर अजून आहे. (कंडिशनर मिसळलेल्या शांपूचा थोडा गुळगुळीतपणा केसांवर मुद्दाम ठेवलेला असतो, तो वेगळा. त्वचेवर तो नको.) डॉक्टरांनी कोंड्याचा औषधी शांपू दिला असेल तर तो सांगितलेली मिनिटं ठेवायचा, आणि मग तोही पूर्ण काढायचा. दोन-तीन आठवडे हे करून खाज थांबली नाही, केस पुंजक्याने गळायला लागले, खपल्या किंवा पू दिसला, किंवा केसांना रंग लावल्यावर त्रास सुरू झाला असेल, तर घरगुती प्रयोग बंद करून डॉक्टर गाठा. काळ्या रंगातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी शांपूपेक्षा फार वाईट असते.

आणि घरात कुणाला दुसऱ्याच्या हातून न्हावं लागत असेल, तर हे सगळं विसरलात तरी चालेल. पाणी घालणाऱ्याने फक्त थांबून विचारायचं, "निघाला का सगळा? आणखी घालू?" आणि उत्तर 'राहू दे' असं आलं, तरी आणखी दोन तांबे घालायचे.